घडीचा चाकू

चांगला घडीचा चाकू उघडताना कान दिला, तर दोनदा 'टक' ऐकू येतं. पातं मुठीशी काटकोनात आलं की एकदा, हलकं. आणि पुढे पुरतं सरळ झालं की दुसऱ्यांदा, जरा भरीव. जाणकार माणूस नवा चाकू हातात घेतो तो आधी हे ऐकायला. धार बघायची त्याला घाई नसते, कारण धार केव्हाही लावून घेता येते. सांधा ढिला असेल तर मात्र चाकू कितीही देखणा असला तरी कामाचा नाही.

मी ज्या चाकूबद्दल लिहितो आहे तो खिशात ठेवायचा आहे. पातं बोटाएवढं, नखाने उघडायचं, काम झालं की मुठीत मिटवून टाकायचं. आपल्याकडे चाकू म्हटलं की 'वक्त' (१९६५) सिनेमातला राजकुमार आठवतो आणि बटण दाबताच सपकन बाहेर येणारं रामपुरी पातं डोळ्यांपुढे येतं. त्या पात्याशी या चाकूचं नातं नाही. हा पेरू चिरतो, सुतळी कापतो, पेन्सिलीला टोक करतो. जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत शेतकरी, गुराखी, सुतार, कारकून आणि शाळकरी मुलं यांनी तो पिढ्यान् पिढ्या रोज वापरला. अशी साधी, रोजची वस्तू किती विचारपूर्वक घडवलेली असते, हे तो उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

आत काय असतं ते बघू. दोन बाजूंना पितळेचे पातळ पत्रे. त्यांच्यावर बाहेरून हाडाच्या, शिंगाच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या. दोन पत्र्यांच्या मध्ये, मुठीच्या पाठीकडून, पोलादाची एक लांबट कमान. पात्याचं बूड, म्हणजे मुठीत राहणारा भाग, कानशीने चौकोनी केलेलं असतं आणि एका खिळ्यावर फिरतं. कमान या बुडावर सतत दाबून बसलेली असते. बुडाची सपाट बाजू कमानीखाली आली की पातं थांबतं. पातं फिरवू लागलं की चौकोनाचा कोपरा कमानीला वर उचलतो, आणि कोपरा ओलांडला रे ओलांडला की कमान पुढच्या सपाट बाजूवर आपटते. तोच तो 'टक'. कुलूप नाही, खटका नाही, बटण नाही. पातं उघडं राहतं ते निव्वळ कमानीच्या दाबावर, आणि पाठीकडून जोर दिला की मिटतं.

एवढ्याशा रचनेत कारागिराची खरी कसोटी कमानीच्या पाठीवर लागते. पातं मिटलेलं असो, अर्धं उघडलेलं असो की पुरतं सरळ असो, तिन्ही वेळी कमान मुठीच्या पाठीशी सपाट असायला हवी. बोट फिरवलं तर कुठे कडा लागता कामा नये. ते साधायचं तर बुडाच्या तिन्ही बाजू खिळ्यापासून नेमक्या अंतरावर हव्यात. केसभर जास्त घासलं गेलं तर पातं हलू लागतं, कमी घासलं तर कमान वर डोकावते. पात्याला पाणी कडक द्यायचं, म्हणजे धार टिकते. कमान पाणी दिल्यावर पुन्हा जास्त तापवायची, म्हणजे तिचा ताठा जातो आणि ती न मोडता लवते. बुडाच्या खालच्या अंगाला आणखी एक बारीक उंचवटा ठेवलेला असतो. पातं मिटताना तो कमानीवर टेकतो आणि धार कमानीवर आदळून बोथट होत नाही. या उंचवट्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही, पण तो नीट नसेल तर दर वेळी मिटताना चाकू स्वतःचीच धार मारत राहतो.

पातं मुठीत मिटवायची कल्पना फार जुनी. ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथे सापडलेला हाडाच्या मुठीचा मिटता चाकू सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा आहे. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातलं चांदीचं एक अवजार आहे. त्यात पात्याबरोबर चमचा, काटा आणि दातकोरणंही मिटून बसतं. पण या जुन्या मिटत्या चाकूंना कमान नसे. पातं खिळ्याच्या आवळपणावर उघडं राहायचं. सतराव्या शतकात पाठीच्या कमानीचा सांधा रुळला आणि या कामाचं मोठं केंद्र झालं इंग्लंडमधलं शेफील्ड.

शेफील्डच का, याचं उत्तर तिथल्या जमिनीत आणि पाण्यात आहे. डोंगरातून उतरणारे ओढे पाणचक्क्या फिरवत, आणि जवळच्याच खाणींतला खरखरीत वालुकाश्म सहाणेसाठी उत्तम. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने आपल्या कथेतल्या एका गिरणीवाल्याच्या अंगावर शेफील्डचा चाकू दाखवला आहे, म्हणजे तेव्हाही गावाचं नाव झालेलं होतं. १६२४ मध्ये चाकू कारागिरांची कंपनी कायद्याने स्थापन झाली. कोणी कोणती खूण पात्यावर ठोकायची याचा हिशेब ती ठेवी. पुढे १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवून एकजीव करण्याची रीत तिथेच बसवली. त्याला घड्याळाच्या कमानींसाठी चांगलं पोलाद हवं होतं. त्याचा फायदा चाकूंनाही झाला. जोसेफ रॉजर्स कंपनीने तर १८२२ मध्ये १८२२ पात्यांचा एक चाकू केला, आणि पुढे वर्षागणिक त्यात पाती वाढवली. तो वापरण्यासाठी नव्हताच. आमचे कारागीर काय करू शकतात, हे दाखवण्यासाठी होता.

या शहरातले शेवटच्या फळीतले मोठे कारागीर म्हणजे स्टॅन शॉ (१९२६–२०२१). चौदाव्या वर्षी ते कारखान्यात उमेदवार म्हणून लागले आणि नव्वदीपर्यंत चाकू करत राहिले. पातं, कमान, मूठ, नक्षी, सगळं एका हातचं. अशा स्वतंत्र कारागिराला तिथे 'लिटल मेस्टर' म्हणतात. भाड्याच्या लहानशा खोलीत, आपल्या बाकावर, आपल्या नावाने काम करणारा माणूस.

शेफील्डच्या मुठीत आपल्या जंगलाचाही वाटा आहे. चाकूच्या मुठीसाठी सर्वांत मागणी असलेलं शिंग सांबराचं, कारण ते इतर हरणांच्या शिंगांपेक्षा भरीव असतं, आतला सच्छिद्र गर कमी आणि बाहेरची साल जाड व खरबरीत. सांबर दर वर्षी शिंगं टाकतो. ती गळालेली शिंगं गोळा होऊन भारतातून इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेला जात. शिकारीच्या शिंगांनाही या व्यापाराचा आडोसा मिळू लागला आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने निर्यात बंद केली. जुन्या चाकूंची किंमत त्यामुळे वाढली, पण निर्णय योग्यच होता. गुरांच्या हाडावर खाचा पाडून केलेली मूठ तितकीच टिकते आणि हातात घट्टही बसते.

शेफील्डचा चाकू घडवायला कसबी हात लागत. फ्रान्सच्या सव्वा प्रांतात, आल्प्सच्या कुशीत, जोसेफ ओपिनेल या अठरा वर्षांच्या मुलाने १८९० मध्ये उलटा विचार केला. त्याचे वडील कुऱ्हाडी-कोयते करणारे लोहार. त्याने बीच लाकडाच्या गोल दांड्याला एक चीर पाडली, त्यात पातं एका खिळ्यावर बसवलं, लाकूड फाटू नये म्हणून तोंडाशी लोखंडी कडं चढवलं. कमान नाहीच. चाकू स्वस्त, हलका, आणि कोणाही शेतकऱ्याला परवडणारा. १८९७ पर्यंत त्याने १ ते १२ अशा क्रमांकांचे बारा आकार केले. त्यातला आठ क्रमांक, साडेआठ सेंटीमीटर पात्याचा, आजही सर्वांत ओळखीचा आहे. पात्यावरची खूण आशीर्वाद देणाऱ्या हाताची आणि वर मुकुटाची. हात शेजारच्या सँ-जाँ-द-मोरिएन गावाच्या चिन्हातला, मुकुट सव्वाच्या जुन्या संस्थानाचा. १९५५ मध्ये जोसेफच्या मुलाने, मार्सेल ओपिनेलने, तोंडाशी फिरणारं एक कडं बसवलं. ते फिरवलं की चीर बंद होते आणि पातं मिटू शकत नाही.

या चाकूची एक खोड पावसाळ्यात दिसते. हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगतं आणि पातं चिरेत इतकं आवळून बसतं की नखाने हलत नाही. सव्वातल्या लोकांनी त्यावर उपाय शोधून ठेवला आहे: मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच ठोकायचं. धक्क्याने पात्याचं टोक चिरेतून वर येतं आणि चिमटीत धरता येतं. कोकणातल्या जुलैमध्ये ही युक्ती हमखास लागते.

जपानचा हिगोनोकामी आणखी साधा. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो घडला. पितळेचा किंवा लोखंडाचा पत्रा दुमडून केलेली मूठ, एक खिळा, एक पातं. पात्याच्या बुडाला मागे एक छोटी दांडी असते. अंगठ्याने ती दाबली की पातं उघडतं, आणि कापताना अंगठा त्याच दांडीवर ठेवायचा. म्हणजे पातं उघडं धरण्याचं काम चाकू करत नाही, वापरणारा करतो. शाळेच्या दप्तरात पेन्सिलीसाठी हा चाकू असणं जपानमध्ये अगदी सामान्य होतं. मग १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोतल्या एका जाहीर सभेत समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची सतरा वर्षांच्या तरुणाने भोसकून हत्या केली. त्याच्या हातात आखूड तलवार होती. पण त्यानंतर मुलांच्या हाती पातंच द्यायचं नाही अशी मोहीम देशभर झाली आणि त्यात सापडला तो हा पेन्सिलीचा चाकू. यंत्राने टोक करायची सोयही तोवर घरोघरी पोचत होती. आज हे नाव वापरून चाकू करणारं नागाओ घराण्याचं एकच कारखानदार कुटुंब मिकीत उरलं आहे.

इथे एक प्रश्न बहुतेकांच्या मनात येतो. कुलूप नसलेलं पातं बोटावर मिटणार नाही का? रोज वापरणाऱ्याला याचं उत्तर हाताने कळलेलं असतं. पेरूवर धार टेकवून दाबलं की पेरू पात्याला उलट ढकलतो, आणि तो जोर पातं आणखी उघडण्याच्या दिशेने असतो. कापण्याच्या कामात चाकू मिटायला जागाच नसते. मिटतो तो केव्हा? टोकाने भोसकलं, डब्याचं झाकण उचकटलं, पात्याच्या पाठीवर ठोकलं, किंवा धार लाकडात अडकल्यावर पातं हिसडून वर ओढलं, तर. म्हणजे बिनकुलपाचा चाकू जिथे धोकादायक ठरतो ती कामं मुळात त्याची नव्हेतच. म्हणूनच माझा कौल कमानीच्या चाकूला आहे. तो हाताला शिस्त लावतो. कुलूपवाला चाकू वाटेल तसा वापरू देतो आणि माणूस बेफिकीर होतो.

दुसरं कारण पात्याच्या जाडीत आहे. अलीकडचे बरेच खिशातले चाकू तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचे असतात, बघायला दणकट. जुन्या धाटणीचं पातं दीड-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही आणि पाठीपासून धारेपर्यंत एकसारखं निमुळतं होत येतं. दोन्हींनी एक सफरचंद कापून पाहा. पातळ पातं आरपार जातं; जाड पातं निम्म्यावर पाचरीसारखं बसतं आणि सफरचंद तडकतं. खिशातल्या चाकूचं बहुतेक काम खाण्याशी असतं, तेव्हा हा फरक रोज जाणवतो.

पात्यांचे आकारही असेच कामातून आले. अमेरिकेतल्या गुराख्यांच्या तीन पात्यांच्या चाकूत एक पातं टोकदार, सर्वसाधारण कामाचं. दुसऱ्याची धार सरळ आणि टोक खाली उतरलेलं, दोरी किंवा चामडं फळीवर ठेवून दाबून कापण्यासाठी. तिसऱ्याचं टोक बोथट, गोलसर. ते जनावरांच्या खच्चीकरणासाठी, म्हणजे धडपडणाऱ्या वासराला भलतीकडे टोचलं जाऊ नये. आपल्याकडे बोरूने लिहिणाऱ्यांच्या कलमदानात कलमतराश असे, तो बोरूचं टोक तिरकं छाटून मधोमध चीर देण्यासाठी. युरोपात पिसाच्या लेखणीसाठी तसाच चाकू होता. कोकणात आजही आंब्याचं पाचर कलम बांधणाऱ्याच्या हातात घडीचा चाकू दिसतो. काडीला दोन्ही अंगांनी तिरका काप एकाच ओढीत द्यायचा असतो. काप खरबरीत झाला तर खुंट आणि काडी नीट चिकटत नाहीत, मध्ये फट राहते आणि कलम वाळतं. तिथे धारेवर झाड जगणं अवलंबून असतं.

पोलाद कोणतं घ्यावं? गंजरोधक पोलादात तेरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, त्याला निगा कमी लागते. साध्या कार्बन पोलादात सुमारे ०.९ टक्के कार्बन आणि बाकी जवळजवळ सगळं लोखंड. ते गंजतं, पण धार पटकन आणि बारीक लागते. कार्बन पोलादाचं नवं पातं घेऊन कैरी चिरा. काही मिनिटांत धारेलगत राखाडी छटा येते, मग कुठे निळसर, कुठे जांभळट पट्टे उठतात. कैरीतलं आम्ल आणि तुरटपणा देणारं टॅनिन लोखंडाशी मिळून हा थर होतो. जुनी काळी शाई लोखंड आणि टॅनिन मिसळूनच करत. काही आठवड्यांत पातं करड्या रंगाचं होतं आणि हा थर तांबूस गंजाला बऱ्यापैकी अडवतो. तो घासून काढू नये. तांबूस डाग दिसला तर मात्र तेवढाच लगेच पुसून काढावा, कारण तो पोलाद खात आत जातो.

निगा म्हणजे एवढंच: फळ कापल्यावर पातं पाण्याने पुसून कोरडं करायचं आणि पावसाळ्यात त्याला खोबरेल तेलाचं बोट लावायचं. सांध्यात एखादा थेंब पुरे. करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल सांध्यात घालू नये. ती तेलं हवेने हळूहळू वाळून चिकट होतात आणि चाकू जड उघडू लागतो. खोबरेल तसं वाळत नाही. खिशातला धुळीचा गोळा मुठीच्या फटीत साचतो, तो काडीने काढत जावा.

धार लावायला हजार ग्रिटचा एक दगड घरात असला की पुरतं. सेंटीमीटरभर रुंदीचं पातं असेल तर पाठ दगडापासून साधारण तीन मिलिमीटर वर धरायची. कोन पंधरा ते वीस अंशांत बसतो. दगड ओला ठेवून बुडापासून टोकापर्यंत पातं ओढायचं, एकाच बाजूने, जोवर दुसऱ्या बाजूला धारेची बारीकशी वळलेली कड बोटाला लागत नाही तोवर. ही कड लागणं महत्त्वाचं. ती नाही लागली तर दगड धारेपर्यंत पोचलेलाच नाही. मग दुसरी बाजू तशीच, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने काही हात. जोर लावू नये. दगड आपलं काम करतो. गल्लीत सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी-सुरी खुशाल द्या, पण हा लहान चाकू देऊ नका. त्या कोरड्या, वेगाच्या चाकावर पातळ धार तापून निळी पडते. निळी पडली की पाणी उतरलं, आणि तेवढ्या भागाला पुन्हा धार टिकत नाही.

बाळगण्याबद्दल कायदा काय म्हणतो हे नीट माहीत हवं. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची हत्यारं शस्त्रं म्हणून धरली आहेत, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. घडीचा चाकू या मापाच्या कितीतरी खाली आहे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली पोलीस आयुक्त आणि जिल्हाधिकारी वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्यांत सुऱ्यांचाही उल्लेख असतो. सणासुदीला, निवडणुकीच्या काळात, मोर्चाच्या दिवशी चाकू घरी ठेवणंच शहाणपणाचं. शिवाय काही भागांत वेगळ्या अधिसूचना लागू असतात, त्या पाहाव्यात. विमानात हाताच्या सामानात कोणतंही पातं चालत नाही. ते चेक-इन बॅगेत जावं. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू सबब न सांगता बाळगता येतो, आणि १९९३ मध्ये तिथल्या न्यायालयाने कुलूप बसणारा चाकू या सवलतीत धरला नाही. शेफील्डचा कमानीचा सांधा त्यामुळे आजही तिथे बेधडक खिशात राहू शकतो. लंडनला राहणाऱ्या मराठी वाचकांनी हा फरक लक्षात ठेवावा.

मुलांच्या हाती पातं न देण्याच्या जपानमधल्या त्या मोहिमेनंतरही सगळ्यांनी चाकू सोडला नाही. नागानो प्रांतातल्या इकेदा गावच्या आइझोमे प्राथमिक शाळेत १९८० च्या दशकापासून मुलांना हिगोनोकामी दिला जातो आणि ती त्याने आपल्या पेन्सिलींना टोक करतात. आपल्याकडे एके काळी अर्ध्या ब्लेडने हे काम व्हायचं, आणि ते या चाकूपेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं होतं, कारण ब्लेडला मूठच नसते.

तुमच्या घरात आठ-नऊ वर्षांचं मूल असेल, तर एखाद्या रविवारी त्याच्याशेजारी बसा आणि बोथट टोकाचा, लहान पात्याचा एक चाकू त्याच्या हातात द्या. पेन्सिल डाव्या हातात, चाकू उजव्या, धार अंगापासून दूर, आणि पातं पुढे ढकलायचं ते डाव्या अंगठ्याने. मूल डावखुरं असेल तर हात बदला. पहिल्या पेन्सिलीचं टोक वाकडं येईल. दुसरी पेन्सिल जवळ ठेवा.